बेटावरचं गिऱ्हाईक

दुकानात सलूनवाल्याच्या तोंडाला विसावा म्हणून नसायचा. कात्री हातात आली की गावभरच्या गोष्टी सुरू. गिऱ्हाइकं म्हणायची, "वहिनी, घरी तुमची मजाच असेल!" वहिनी हसून वेळ मारून न्यायची. कारण घरी हाच प्राणी मूग गिळून बसायचा. फार झालं तर, "भाजीत मीठ ठीक आहे."

म्हणून तर लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर तिने हट्टाने त्याला या एवढ्याशा बेटावर आणलं. तीन दिवस. ना दुकान, ना टीव्ही, ना शेजारी. बघतेच कसा बोलत नाही माझ्याशी!

पाणी असं नितळ की पायाची बोटं मोजून घ्यावीत. नारळांच्या सावलीत चटई टाकून तिने त्याला शेजारी बसवलं.

"बोला."

"काय?"

"काहीही!"

त्याने बराच वेळ समुद्र न्याहाळला. "पाणी बरंच आहे," म्हणाला.

कपाळ माझं! दुसऱ्या दिवशी तिने त्याला खडकांतले खेकडे दाखवले, बगळे दाखवले. "तिरके चालतात," एवढंच ज्ञान बाहेर पडलं, तेही खेकड्यांबद्दल.

तिसऱ्या दिवशी दुपारी परतायचं होतं. सकाळी ती अंघोळ करून येते तो काय, न्यायला आलेल्या नावाड्याला ओंडक्यावर बसवून स्वारीने कात्री चालवलेली, आणि तोंडही! नावाडी हसून हसून बेजार. वहिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. परक्याला एवढं, आणि मला?

नावाडी होडीकडे गेल्यावर ती त्याच ओंडक्यावर बसली, नवऱ्याकडे पाठ करून. "माझेही कापा."

"तुझे?"

"गिऱ्हाईक समजा."

त्याने तिच्या खांद्यांवर टॉवेल टाकला, केसांवर पाणी मारलं, कंगवा फिरवला. चार बटा पडल्या आणि जीभ सुटली. वाळूबद्दल झालं, नावाड्याच्या सासऱ्याबद्दल झालं, आणि सवयीने गाडी घरावर आली.

"आमच्या घरी एक आहे बघा. हौसेने इथे घेऊन आली. पण तिच्याशेजारी बसलं की अजून छातीत धडधडतं हो, लग्न ठरलं तेव्हा व्हायचं तसं. वाटतं, काही वेडंवाकडं बोललो तर? गिऱ्हाईक काय, उठून गेलं तर दुसरं येतं. ती उठून गेली तर मी काय करू?"

कात्री थांबली. आपण काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं असावं.

वहिनीने मान जराही वळवली नाही.

"अजून थोडे बारीक करा," ती म्हणाली.