पेंडीचा रिपोर्ट

आष्टी तालुक्यातल्या त्या गावात पाण्याच्या टँकरशिवाय दुसऱ्या कशासाठी एवढी रांग लागलेली कुणी पाहिली नव्हती. पोळा कोरडा गेला होता, पेरलेलं जमिनीतच राहिलं होतं, जनावरांचे डोळे खोल गेले होते. तरी दूध संस्थेच्या दारापासून मारुतीच्या पारापर्यंत माणसं उन्हात उभी होती. बायका जास्त. काही जणी रेशनकार्ड घेऊन आल्या होत्या, कारण रांग म्हटली की कार्ड लागतंच, अशी आपली सवय.

आत टेबलावर एक काळा डबा, एक लॅपटॉप आणि डब्यातून निघालेल्या वायरीच्या टोकाला चकचकीत दांडी. दांडी मुठीत धरायची, एक मिनिट गप बसायचं. पडद्यावर हिरव्या-तांबड्या माणसाचं चित्र गरागरा फिरायचं आणि मग प्रिंटरमधून सळसळत एकतीस पानं बाहेर यायची. यकृत, मूत्रपिंड, हाडं, मेंदू. बायकांसाठी अठरावं पान वेगळं: गर्भाशय.

डब्यामागे बसलेल्या माणसाला सगळे पंडित सर म्हणत होते. पांढरा कोट, त्याच्या खिशाला चार पेनं.

"माउली, तुमच्या शरीरात कोट्यवधी पेशी," ते प्रत्येकीला सांगत, "आणि एकेक पेशी म्हणजे एकेक रेडिओ स्टेशन. आकाशवाणी कसं लागतं? काटा फिरवल्यावर. तसं हे क्वांटम यंत्र तुमच्या पेशींचं स्टेशन लावतं. भौतिकशास्त्र लहरी पकडतं, कॉम्प्युटर हिशेब करतो. रक्त नको, सुई नको, कपडे काढायला नकोत."

हे शेवटचं वाक्य ते जरा हळू म्हणत आणि तेच सगळ्यात लांब जाई. ज्या बायांनी तीन-तीन बाळंतपणं होऊनही डॉक्टरपुढे पदर ढळू दिला नव्हता, त्यांना एवढं सभ्य यंत्र देवानेच धाडल्यासारखं वाटलं.

ज्या टेबलावर हे चाललं होतं ते टेबल मनकर्णाचं होतं. अकरा वर्षं ती त्या टेबलाशी बसून दुधातली फॅट मोजत होती, त्या आकड्यावरच दुधाचा भाव ठरायचा. तिचं फॅट मशीन आता कोपऱ्यात पोत्याखाली झाकून ठेवलं होतं. चेअरमन सुंदररावांनी स्वतः उचलून ठेवलं होतं, वर म्हणाले होते, "चार दिवस तुझ्या मशीनला सुट्टी, मनकर्णा. तसंही दूध कुठं राहिलंय." दूध राहिलं नव्हतं हे खरं. पण तिला ते पोतं आपल्याच अंगावर टाकल्यासारखं वाटलं.

तिला हेवा वाटत होता. दुसरा शब्द नाही त्याला. अकरा वर्षांत तिच्या मशीनवर एका माणसाने विश्वास ठेवला नव्हता. तेही भौतिकशास्त्रच होतं. कानाला ऐकू न येणारा आवाज दुधातून पलीकडे जातो, तो कसा आणि किती वेगाने गेला यावरून आतला बारका कॉम्प्युटर फॅट सांगतो. हे तिने दुरुस्तीला येणाऱ्या मेकॅनिकला चहा पाजून पाजून शिकून घेतलं होतं. पण गावाच्या लेखी ते मशीन म्हणजे मनकर्णाचा खोडसाळपणा. म्हातारा आश्रुबा रोज सकाळी किटली आपटून म्हणायचा, "तुझं मशीन माझ्या म्हशीवर खार खातंय." आणि हाच आश्रुबा आता पंडित सरांचे एकतीस कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोथीसारखे काखेत धरून हिंडत होता.

आश्रुबाच्या कटकटीपायीच संस्थेत दोन बाटल्यांचा नियम आला होता. कुणी फॅटवर वाद घातला की त्याचं दूध दोन बाटल्यांत भरायचं. एकीवर त्याचं नाव, दुसरीवर भलत्याच कुणाचं. दोन्हींचा आकडा जुळला तर वाद घालणाऱ्याने तोंड मिटायचं, नाही जुळला तर मशीन दुरुस्तीला. सुंदररावांनी तर वार्षिक सभेत ठरावच केला होता: संस्थेत मोजायचं कुठलंही नवं यंत्र आलं की त्याची सभासदांसमोर अशी परीक्षा घ्यायची.

पण फॅट मशीनचं दुःख एक वेळ पचलं असतं. गीताचं पचत नव्हतं.

गीता तिची धाकटी जाऊ. सव्वीस वर्षांची, दोन लेकरांची आई, दर दिवाळीला नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी. मनकर्णाने तिला सही शिकवली, ताप मोजायला शिकवलं, औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचायला शिकवलं. लेकरू शिंकलं तरी गीता "आक्का, बघ गं" म्हणत धावत यायची. आता दोन दिवस ती 'सर म्हणाले' याखेरीज दुसरं वाक्य बोलत नव्हती. सर म्हणाले, पाणी तांब्याच्या भांड्यातलं प्यावं. सर म्हणाले, उत्तरेला डोकं नको. आणि सर म्हणाले, गर्भाशय तीव्र बिघडलंय, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका. शेवटच्या पानाला तालुक्याच्या गावातल्या एका खासगी दवाखान्याचं कार्ड टाचलेलं होतं. सोमवार ठरलाही होता.

सासू भिवराबाईंना त्यात वावगं काही दिसत नव्हतं. पिशवी काढली की पाळीची कटकट गेली, उसाच्या फडात कामाचा खाडा नाही, मुकादमाची बोलणी नाहीत. अर्ध्या गावाने काढलीय, हिला काय सोन्याची आहे, असं त्या शेजारणींना सांगत होत्या. मनकर्णानेही स्वतःची काढून घेतली होती, गीतापेक्षाही लहान असताना. तेव्हा कुणी तरी पडद्यावरचा काळा ठिपका दाखवला होता आणि तिने मान हलवली होती. आता एक्केचाळिसाव्या वर्षी ती खाली बसली की उठताना भिंत धरायची. गीता दोन हंडे घेऊन ताठ चालत गेली की मनकर्णा बघत राहायची, आणि त्या बघण्यात माया किती आणि जळफळाट किती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

यंत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मनकर्णाने गीताचा रिपोर्ट वाचायला मागितला. गीताने दिला, पण नवं लुगडं द्यावं तसा, हात धुतलेस का म्हणून विचारून. मनकर्णाने सगळी पानं आकड्यांवर बोट ठेवून वाचली. मग शेजारच्या साखराबाईचा रिपोर्ट आणला. साखराबाईही सव्वीसचीच, वजनही अठ्ठेचाळीसच. अठराव्या पानावर गीताचा आकडा शून्य पूर्णांक चारशे सतरा. साखराबाईचाही शून्य पूर्णांक चारशे सतरा. यकृत जुळलं, हाडं जुळली, सगळं तिसऱ्या आकड्यापर्यंत जुळलं.

मनकर्णाने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पुन्हा ताडून पाहिले. दोन म्हशींचं दूध असं कधी जुळत नाही. एकाच म्हशीचं सकाळ-संध्याकाळचं जुळत नाही. पण लगेच मनाने चिमटा काढला: तुला खोट दिसावी असं वाटतंय, म्हणून तर दिसत नाही ना? हेवा करणाऱ्याच्या डोळ्याला दुसऱ्याच्या दुधात पाणी दिसतंच. ते तिला अकरा वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं.

म्हणून तिने ठरवलं, आपल्या डोळ्यांवर सोडायचंच नाही.

शनिवारी सकाळी रांग भरात असताना ती ठरावाची वही घेऊन आत आली आणि सगळ्यांसमोर तिने तो ठराव वाचला. मोजायचं कुठलंही नवं यंत्र. सभासदांसमोर. सुंदरराव हसले. हे दुधाचं मशीन थोडंच आहे, म्हणाले. मनकर्णा म्हणाली की ठरावात दूध हा शब्द नाही, आणि खाली सही चेअरमनची आहे. आता माणसं कान देऊ लागली होती. फुकटची सभा कोण सोडतो.

पंडित सरांनी मान एका बाजूला कलती केली. "ताई, हे उच्च विज्ञान आहे. संशय घेतला की लहरी बिघडतात."

"माझ्या मशीनवर हा आश्रुबा अकरा वर्षं संशय घेतोय," मनकर्णा म्हणाली. "मशीनच्या लहरी कधी बिघडल्या न्हाईत."

लोक हसले. आश्रुबाही हसला, मग आपल्यावरच आहे हे कळून गप झाला.

सर अजून काचकूच करत होते, तेवढ्यात गीताच पुढे आली. "सर, द्या की करून. एकदाचं आक्काचं तोंड तरी बंद होईल." ती हे मनकर्णाकडे न बघता बोलली. मनकर्णाच्या काळजात ते रुतलं, पण तिने पाऊल मागे घेतलं नाही. आता दांडी कुणी धरायची असं सुंदररावांनी विचारलं, तेव्हा तिने दाराबाहेरून एक पाटी आणली. पाटीत सरकीची पेंड होती, रात्रभर भिजवलेली, म्हशींची. तिने ओल्या पेंडीचा मुठीएवढा गोळा फडक्यात बांधला आणि दांडी त्यात खुपसली.

सर उठून उभे राहिले. हे चालणार नाही, यंत्राला माणूसच लागतो, ते लगेच ओळखतं, म्हणाले.

"मग ओळखू द्या की," सुंदरराव म्हणाले. त्यांना आता स्वतःलाच उत्सुकता लागली होती.

लॅपटॉपवर नाव, वय, वजन, स्त्री की पुरुष, असे रकाने होते. मनकर्णाला संस्थेच्या कॉम्प्युटरची सवय होती. काय लिहू, असं तिने विचारताच गीता ताठ मानेने म्हणाली, "माझंच लिही. बघू काय म्हनतं ते." नाव गीताबाई, वय सव्वीस, वजन अठ्ठेचाळीस, स्त्री. चित्र गरागरा फिरलं. यंत्राने काहीही ओळखलं नाही. एकतीस पानं आली. सुंदररावांनी चष्मा लावून अठरावं पान वाचलं: गर्भाशय, तीव्र बिघाड, शून्य पूर्णांक चारशे सतरा.

आश्रुबा म्हणाला, "म्हंजी पेंडीला बी पिशवी हाय."

हशा पिकला, पण गीता हसली नाही. तिचा चेहरा तांबडा झाला. "तू काय तरी दाबलं," ती मनकर्णाला म्हणाली. "दोन दिस झालं बघती मी. सरांचं नाव निघालं की तुझं तोंड फिरतं. तू जळती, आक्का. तुला माझं काई बघवत न्हाई."

अख्खी रांग ऐकत होती. जळत नाही म्हणणं सोपं होतं आणि ते कुणालाही पटलं असतं.

"जळते," मनकर्णा म्हणाली. "त्याच्यावर जळते, तुझ्यावर बी जळते. तू मला सोडून त्याला विचाराया लागली म्हनून जळते. तुझ्यात जे हाय ते माझ्यात न्हाई, म्हनून बी. म्हनून म्हनते, माझ्यावर इस्वास ठिवू नको. ऊठ, हितं बस. तुझ्या हातानं दाब."

गीता बसली. पेंडीचा गोळा तोच, दांडी तीच. तिने एका बोटाने आकडे शोधून शोधून सव्वीसचे एकसष्ट केले, वजन बदललं, स्त्रीच्या जागी पुरुष केलं, आणि बटण दाबलं. पानं आली. तिने ती कुणाच्या हातात दिली नाही, स्वतः अक्षर अक्षर लावून मोठ्याने वाचली. गर्भाशय कुठेच नव्हतं. अठराव्या पानावर आता पुरुषांची ग्रंथी होती, वाढलेली. आणि गुडघ्यांची झीज. आश्रुबाने काखेतली पिशवी उघडून स्वतःचं अठरावं पान काढलं, गीताच्या हातातल्या पानाशी लावून पाहिलं आणि गुपचूप खाली बसला. त्याचं वय एकसष्टच होतं.

मग गीताने दांडी ओल्या पेंडीतून काढली, पुसली आणि कोरडी ठेवली. यंत्र म्हणालं, दांडी धरा. ओल्या फडक्यात गुंडाळली, यंत्र चालू. एवढंच त्या डब्याला कळत होतं. ओल लागली की वायरीतून वीज फिरते, म्हणजे कुणी तरी धरलंय. पुढचं सगळं आधीच भरलेल्या यादीतून. तुम्ही वय सांगायचं, वजन सांगायचं, बाई की बुवा सांगायचं. त्या वयाच्या माणसाला सहसा जे दुखतं ते कॉम्प्युटरने कागदावर काढून द्यायचं. शरीराला कुणी काही विचारलंच नव्हतं.

पेंडीतही प्राणशक्ती असते, असं पंडित सर म्हणून पाहत होते, पण वायरी गुंडाळता गुंडाळता. सुंदररावांनी दार लावून पोलीस पाटलाला बोलावणं धाडलं. ठरावावर आपली सही होती याचा त्यांना आता भलताच अभिमान वाटत होता.

सोमवारी गीता दवाखान्यात गेली, पण कार्डावरच्या नाही. मनकर्णा तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली. पिशवी चांगली होती. आत जंतुसंसर्ग होता, चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या. पाण्याच्या टंचाईत पाळीची कापडं नीट धुतली जात नाहीत, त्यानेही हे होतं, असं बाईंनी समजावलं. गीताने सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "म्याडम, राग मानू नका. आजून एकदा बघता का, नाव न बघता." बाई हसल्या, शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या डॉक्टरला बोलावून म्हणाल्या, हे तुम्ही बघा. त्यांनीही तेच सांगितलं.

परतीच्या जीपमध्ये गीता सारखं 'म्याडम म्हणाल्या, म्याडम म्हणाल्या' करत होती. मनकर्णाला पुन्हा जरासं कुरतडलं. मग तिने तिला खिडकीची जागा दिली.

बायांनो, भौतिकशास्त्र खोटं नाही आणि कॉम्प्युटरही खोटा नाही. हाड मोडलं तर क्ष-किरण दाखवतात, पोटातलं लेकरू आवाजाच्या लहरींनी दिसतं, आणि असं एक यंत्र खरं ठरवायला शहाणी माणसं वर्षानुवर्षं हजारो आजारी आणि निरोगी माणसांवर ते पडताळतात. ते कुठे चुकतं, तेही लिहून ठेवतात. जो चूक होऊच शकत नाही म्हणतो, त्याच्या दांडीला हात लावू नका. सांगणारा आपल्या मायेचा आहे की जळणारा, हे बघू नका. ती गोष्ट पुन्हा केली तर तशीच होते का, ते बघा. आणि अंगातला एखादा अवयव काढायला कुणी कागद पुढे केला, तर सही करण्याआधी दुसऱ्या दारी जाऊन विचारा. विचारायला वेळ गेला म्हणून कुणाची पिशवी गेलेली नाही. न विचारता गेलेल्या मात्र त्या एका गावात दोन हातांच्या बोटांवर मावत नाहीत.