पन्नास सेंटांची साक्ष

त्या पत्राला अँब्रोजने उत्तर दिलं नव्हतं. पत्र चहाच्या डब्याखाली दडपून ठेवलं होतं, त्यामुळे रोज चहा करताना ते दिसायचं आणि रोजचा चहा थोडा कडूच लागायचा.

पत्र तसं साधंच होतं. मूळनिवासींच्या नव्या धंद्यांना अनुदान देणाऱ्या कचेरीतून, समुद्रापलीकडच्या व्हँकुव्हरहून आलेलं. 'तुमची भाची डेल्फीन हिने लोकर पिंजण्याच्या कारखान्यासाठी अर्ज केला आहे. गावाचा पाठिंबा असल्याचे कागद तिने जोडलेले नाहीत, फक्त चार साक्षीदारांची नावं दिली आहेत. त्यांत तुमचं नाव आहे. आपण काय पाहिलं ते कृपया लिहून कळवावं.' सहीखाली बाईंनी पेनाने आणखी एक ओळ लिहिली होती : 'महिनाअखेरपर्यंत आलं तर फार बरं होईल.'

कागद जोडले नाहीत ही डेल्फीनची चूक आहे, असं गावात कुणालाही वाटलं नसतं. सेलिश जमातीचा माणूस मोठं काम काढतो ते चारचौघांसमोर. तिनेही हिवाळ्यात गावच्या सभागृहात ब्लँकेट अंथरलं, सगळ्यांना सॅमन माशाचं सूप वाढलं आणि आपला बेत मांडला. तिच्या वतीने बोलणाऱ्या वक्त्याने चौघांना नाव घेऊन पुकारलं आणि प्रत्येकाच्या तळहातावर पंचवीस सेंटांची दोन नाणी ठेवली. नाणी घेतली की माणूस बांधला गेला. नीट पाहायचं, लक्षात ठेवायचं आणि उद्या कुणी विचारलं तर सांगायचं. याहून पक्का पुरावा कागदावर कुठून आणणार?

अडचण होती ती अँब्रोजची. त्यांच्या घरातून पुकारा व्हायचा तो थोरल्या भावाचा, ऑस्टिनचा. ऑस्टिन उभा राहिला की पोरंसुद्धा चूप बसत. तो गेल्या वर्षी वारला. सवयीने वक्त्याची नजर ऑस्टिनच्या बाकाकडे गेली असेल आणि तिथे नेमके आपण सापडलो असू, असं अँब्रोजला वाटे. शेवटी बोलायची पाळी आली तेव्हा तो "पाहिलं मी. आभार," एवढं पुटपुटून खाली बसला होता. सारी नोकरी शाळेच्या ग्रंथालयात फाटकी पुस्तकं चिकटवण्यात गेलेली. दुसऱ्यांची चांगली वाक्यं इतकी वाचली होती, की स्वतःचं एकही वाक्य त्याच्या नजरेत भरत नसे. पत्राचा एक खर्डा त्याने थेट पूर्वजांपासून सुरू केला होता. दुसरा वकिलाने लिहिल्यासारखा वाटला. दोन्ही चुलीत गेले.

महिना सरत आला तसा तो बहिणीच्या अंगणात गेला. लव्हिनियाताई आणि तिची लेक डेल्फीन टबात लोकर धूत होत्या.

"आलास? बाह्या वर कर," ताई म्हणाली. "इथे वाचायला काही मिळायचं नाही."

त्याने बाह्या सारल्या आणि ओली लोकर पिळायला घेतली.

"कचेरीतल्या बाईंचा फोन होता, साक्षीदारांचं विचारत होत्या," डेल्फीन म्हणाली. "क्लेमकाका हॅलिबट मासे धरायला गेलाय, बोट कधी परतेल पत्ता नाही. रोझलीमावशी लेकीकडे, तिला आलेलं पत्र इथेच पडलंय. नॉर्बर्टदादाचं उत्तर मात्र पोचलं."

"काय लिहिलंय?"

"'हो, पाहिलं.' बस्स."

ताई हसली. "नॉर्बर्टच्या मानाने कादंबरीच म्हणायची."

"बाई म्हणतात, एवढ्यावर समितीपुढे जाता येत नाही. निदान एक तरी सविस्तर हवं. नाहीतर अर्ज पुढच्या वर्षावर. आणि यंत्र विकणारा तो गिरणीवाला पुढच्या वर्षापर्यंत थोडाच थांबणार? त्याचं पिंजायचं यंत्र घ्यायला दुसरं गिऱ्हाईक तयारच आहे."

"मग आहेच आपला व्यापारी," ताई म्हणाली. "लोकर त्याच्या दराने घ्यायची आणि विणलेले स्वेटरही त्याच्याच दराने द्यायचे. माझ्या आईने तेच केलं, मीही तेच करतेय."

डेल्फीनने पाणी ओतून दिलं. "मामाचं उत्तर टपालात असेल. मी सांगितलं बाईंना, त्याची काळजी नको."

हे बोलताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. साक्षीदाराला गळ घालायची नसते. गळ घातली की साक्ष विकत घेतल्यासारखी होते. अँब्रोज लोकर पिळत राहिला. तीच लोकर त्याने दोनदा पिळली.

"डेल्फीन," तो शेवटी म्हणाला, "समजा साक्षीदार म्हणून चुकून भलत्याच माणसाला पुकारलं, तर?"

"चुकून कसं पुकारतील? नावं मीच दिली होती वक्त्याला. तुझं पहिलं होतं."

"माझं? का?"

"मोठे मामा छान बोलायचे. पण सभेला जाण्याआधी मागचं सगळं तुलाच विचारायचे ना? कोण काय म्हणालं, कोण रुसलं, कुणी काय कबूल केलं. मी लहानपणी टेबलाखाली बसून ऐकलंय."

"आवाज ऑस्टिनचा, आठवण तुझी," ताई म्हणाली. "तुला वाटलं, आम्हाला ठाऊक नाही? आणि ती लोकर सोड आता, मरेल बिचारी. पन्नास सेंट घेतलेस तू, घुम्यासारखं बसायचे नव्हते ते."

घरी येऊन त्याने चहा केला नाही. डबा उचलून पत्र काढलं आणि खिडकीशी बसला. या वेळी पूर्वजांपासून सुरुवात केली नाही.

'मी दाराजवळ बसलो होतो,' त्याने लिहिलं. 'डेल्फीनने बेत सांगितल्यावर अगाथाबाई उठल्या. गावात सगळ्यांत जुन्या विणणाऱ्या त्याच. त्या म्हणाल्या, यंत्र आलं की पोरींची बोटं काम विसरतील. डेल्फीनने वाद घातला नाही. यंत्र फक्त पिंजेल, कातणं हातानेच होईल, असं तिने कबूल केलं. ज्यांची बोटं आता वळत नाहीत, त्यांनाही नफ्यात वाटा मिळेल, कारण नक्ष्या त्यांच्या घरच्या आहेत, असंही कबूल केलं. अगाथाबाई काही न बोलता बाहेर गेल्या. लोकांना वाटलं, रागावून गेल्या. मला दारातून दिसत होतं. त्या पावसात गाडीपर्यंत गेल्या, मागच्या सीटवरून लोकर कातायची आपली चाती काढली आणि कोटाखाली धरून परत आल्या. चाती त्यांनी ब्लँकेटवर ठेवली. "शिकवायला कुणीतरी लागेलच," म्हणाल्या. त्यानंतर बाकीच्या बायका एकेक करून उठल्या आणि कोण काय करणार ते ठरलं.'

कोण धुणार, कोण कातणार, शाळेतल्या मुलींना कोणत्या वारी शिकवणार, हे सगळं त्याने लिहिलं. थोडं थांबून पुढे लिहिलं : 'हा धंदा चालेल की नाही, ते मला सांगता येणार नाही. त्यासाठी मला पुकारलेलं नव्हतं. गावाने हा बेत आपला मानला, एवढं मी पाहिलं आहे. कुणीही, कधीही विचारलं तरी मी हेच सांगेन.'

शेवटी त्याने अक्षराबद्दल आणि उशिराबद्दल माफी मागितली. वाचून पाहिलं. उशिराची ठेवली, अक्षराची खोडली.

टपाल न्यायला गाडी दुपारी येते. अँब्रोज सकाळीच पोचला. पेटीसमोर उभं राहून पाकीट पुन्हा उघडावं, मधलं एक वाक्य बदलावं, असं त्याला वाटलं. मागे एक बाई आपली पत्रं घेऊन उभी होती.

"टाकताय ना, आजोबा?"

"टाकतो."

पाकीट आत सरकलं. आवाज काही आला नाही, तेव्हा त्याने फटीची झडप उचलून आत डोकावून पाहिलं. पत्र गेलं होतं. मग तो बाजूला झाला आणि झडप त्या बाईसाठी उघडी धरून उभा राहिला.