सहीचा अधिकार

"मॅडम, मला सोडत नाहीयेत." फोनवर मुलीचा आवाज बारीक झाला होता. "काउंटरवरचे म्हणतात, मधल्या देशाचा व्हिसा लागेल. पण तिथे तर मी फक्त विमान बदलणार ना?"

बाईंनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. "बॅगेला चिठ्ठी कुठपर्यंतची लावत होते?"

"मधल्या विमानतळापर्यंतचीच."

बाईंनी तिची दोन्ही तिकिटं फाईलमधून काढून शेजारी ठेवली. चूक त्यांच्या लक्षात आली होती.

मुलांना परदेशी शिकायला पाठवणाऱ्या या कार्यालयात त्या एकोणीस वर्षं होत्या. प्रवेशपत्र, बँकेचे कागद, वैद्यकीय तपासणी, व्हिसा, विमानाचं तिकीट, सगळं त्यांच्या टेबलावरून जाई. पासपोर्टवरचं अक्षरन् अक्षर त्या भिंगातून वाचत, म्हणून मुलं त्यांना मागे भिंगबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि त्यात चुकीचं काही आहे असं त्यांना वाटत नसे. स्वतः त्या कधी विमानात बसल्या नव्हत्या. पण प्रत्येक मुलाचा प्रवास त्या आधी टेबलावर करून बघत. रांगेत उभा राहिला, बॅग दिली, आता हातात कोणता कागद, पुढचं दार कोणतं. असं दारामागून दार करत वसतिगृहाच्या खोलीत पोचल्याशिवाय फाईल बंद होत नसे.

या मुलीचा प्रवासही त्यांनी करून बघितला होता, पण तो एका तिकिटाचा. दहा दिवसांपूर्वी विमान कंपनीने वेळ बदलली आणि मध्ये चौदा तासांचा खोळंबा आला. मुलीची आई येऊन बसली. "ताई, घरात लाइट गेली तरी ही मला हाका मारते. चौदा तास एकटी काय करणार हो?" बाईंना हसू आलं, आणि दयाही. त्यांनी ते तिकीट रद्द केलं आणि दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं जुळवली. खोळंबा चार तासांवर आला. पण दोन तिकिटं म्हणजे मध्ये बॅग आपण उतरवून घ्यायची, पुन्हा द्यायची. त्यासाठी त्या देशात शिरायचं, आणि शिरायचं तर व्हिसा. बाईंनी याला जुन्याच प्रवासातली किरकोळ दुरुस्ती धरलं होतं. तो पुन्हा करून बघितला नव्हता.

"तू आईजवळ जाऊन बस. पाणी पी," त्या फोनवर म्हणाल्या. "चूक माझी आहे, तुझी नाही. ऐकलंस?"

"मग मी जाणार ना?"

"बघते." खोटा धीर देणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

आज बुधवार. विद्यापीठात शुक्रवारी पाचच्या आत हजर व्हायचं होतं, नाहीतर प्रवेश रद्द, म्हणजे वर्ष गेलं. एका तिकिटाचं जे पहिलं विमान मिळत होतं ते रविवारी पोचवणारं. नियमात चार दिवसांची सवलत होती, पण उशीर विद्यार्थ्याच्या चुकीमुळे झालेला नसेल तरच. तसं पाठवणाऱ्या कार्यालयाने लिहून द्यायचं.

मालक केबिनमधून बाहेर आले. "आजारी पडली म्हणून लिहा, बाई. डॉक्टरांचा कागद मी मिळवतो."

"ती आजारी नाही. आणि काउंटरवरून परत पाठवल्याची नोंद झालीय. उद्या कुणी दोन्ही कागद शेजारी ठेवले तर खोटी ती ठरेल."

"मग विमान कंपनीवर ढकला. त्यांना सवय असते."

"त्यांनी नियमानेच केलं."

मालक समोरच्या खुर्चीत बसले. "कार्यालयाची चूक म्हणून लिहिलंत तर विद्यापीठ फाईलवर सही करणाऱ्याचा तो अधिकार वर्षभर काढून घेतं. माहितीय ना?"

"तो नियम मीच तुम्हाला वाचून दाखवला होता."

मालकांना हसू फुटलं, पण टिकलं नाही. "पुढच्या वर्षी तुम्ही निवृत्त होताय. म्हणजे मग सही नाहीच."

"हो."

"एकोणीस वर्षांत तुमची एक फाईल परत आली नाही. आणि जाताजाता हे कागदावर ठेवून जाणार?"

"फाईल नाही हो परत येत," बाई म्हणाल्या. "पोरगी येते."

पत्र चार ओळींचं झालं. काय झालं, कशामुळे झालं, कुणाकडून झालं आणि मुलगी कधी पोचेल. मालकांनी 'दुर्दैवाने' हा शब्द सुचवला. बाईंनी तो घातला नाही. दैवाचा यात काही संबंध नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन उत्तरं आली. पहिल्यात मुलीला मंगळवारपर्यंत मुदत होती. दुसरं बाईंच्या नावाचं होतं. त्यांनी ते छापून घेतलं, तारीख बघितली आणि आपल्याच फाईलला लावलं.

नवं तिकीट न्यायला मायलेकी आल्या. आईचा चेहरा उतरला होता. "मीच ते चौदा तासांचं खूळ घेऊन आले, ताई."

"तुम्ही आई आहात, तुम्ही विचारणारच. बघायचं काम माझं होतं." बाई मुलीकडे वळल्या. "आता अकरा तास बसावं लागेल."

"बसेन की," मुलगी म्हणाली. "लाइट तर असेल तिथे."

मंगळवारी सकाळी बाईंच्या फोनवर एका खिडकीचा फोटो आला. खिडकीबाहेर फक्त विटांची भिंत दिसत होती. खाली लिहिलं होतं, 'पोचले. नाव नोंदवून झालं.' बाईंनी फोटो मोठा करून बघितला. मग पुढची फाईल घेतली, अकरापर्यंत पूर्ण केली आणि उठून शेजारच्या टेबलावर नेली.

शेजारीण त्यांच्याच हाताखाली काम शिकलेली होती. ती अवघडली. "बाई, तुमच्या फाईलवर मी सही करायची?"

"तूच करायची. पण वाचून कर."

"तुम्ही बघितलीय म्हटल्यावर मी काय वाचू?"

"मी बघितलीय म्हणूनच वाच."

तिने पेन खाली ठेवलं आणि पहिलं पान उलटलं. बाई हात मागे बांधून टेबलापाशी उभ्या राहिल्या, कागद तपासून होईपर्यंत मुलं उभी राहतात तशा.