न धरणारं पीठ

मक्याच्या चकत्यांच्या कारखान्यात वहिनी पीठ मळायच्या आणि त्यांचा दीर आपल्या शेतातला मका पुरवायचा. त्या सकाळी उकडलेल्या मक्याचा गोळा काही केल्या धरेना. पातळ होऊन बोटांतून ओघळू लागला.

“पाणी जास्त पडलं असेल,” दीर म्हणाला.

“दोनदा मोजून घातलंय. भावजी, तुमच्या शेताशेजारी काय पेरलं होतं?”

“गाड्यांच्या इंधनासाठीचा मका. जनुकं बदललेला, शिजवला की आपोआप विरघळतो. पण मध्ये रस्ता आहे ना!”

“वाऱ्यावरच्या परागकणांना रस्ता आडवा येतो होय?”

दिराचा चेहरा उतरला. “याच मक्याचं बियाणं वाटलंय मी.”

वहिनींनी यंत्र बंद केलं. “किती जणांना?”

तो बोटांवर मोजू लागला आणि मध्येच थांबला. “पेरण्याही झाल्या, वहिनी.”