टेस्ट एक्केचाळीस

"अरे सुनो, सुनो!" मंदार स्क्रीनवरून मोठ्याने वाचू लागला. "'बाळाचं वजन भरलेलं नसेल तर औषधाची मात्रा दाखवू नये.' ही टेस्ट आहे की आजीबाईंची सूचना?"

फ्रीगंजच्या त्या ऑफिसात सगळे हसले. अहल्या मान खाली घालून बसली. पंधरा वर्षं शाळेत गणित शिकवून, नवरा गेल्यावर चाळिशीत ती हे काम शिकली होती. दवाखान्यांसाठी औषधाची मात्रा काढणारं सॉफ्टवेअर होतं ते. त्यात कुठे काही बिघडलं तर लाल होणाऱ्या छोट्या छोट्या टेस्ट ती लिहायची आणि प्रत्येकीला अख्ख्या वाक्याचं नाव द्यायची.

"ताई, टेस्ट एक, टेस्ट दोन, बस. इतकी रामायणं कोण वाचणार?"

"पण उद्या एखादी लाल झाली तर काय बिघडलंय ते कळणार कसं?"

"मी आहे ना! संध्याकाळपर्यंत सगळी बदलून टाका."

मंदार तिचा वरिष्ठ होता, तिच्याहून अठरा वर्षांनी लहान. नोकरी टिकवायची होती. दोनशे सहा नावं तिने स्वतःच्या हाताने पुसली.

दोन महिन्यांनी ती आईच्या श्राद्धासाठी राम घाटावर गेली होती. त्याच दिवशी नवं सॉफ्टवेअर एका खासगी दवाखान्यात जायचं होतं. टेस्ट एक्केचाळीस लाल झाली. पुढे काय झालं ते शेजारच्या टेबलावरच्या रोहनने तिला नंतर सांगितलं, नजर चुकवत.

"ये इकतालीस क्या है?" त्याने विचारलं होतं. कुणालाच आठवेना. "ताईंना फोन लावू?"

"छोड़ यार, दवाखान्याची पार्टी वाट बघतेय," म्हणत मंदारने ती टेस्ट बंद करून टाकली.

तिसऱ्या आठवड्यात त्या दवाखान्यात आठ महिन्यांच्या मुलीचं वजन भरायचं राहिलं. सॉफ्टवेअरने मोठ्या माणसाची मात्रा दाखवली. घाईत नर्सने तीच दिली, सलग तीन दिवस. मुलगी वाचली, पण तिला ऐकू येईनासं झालं.

कंपनीच्या मालकांनी मंदार आणि अहल्या दोघांना आत बोलावलं. "'टेस्ट एक्केचाळीस' हे नाव कुणी लिहिलं? यातून कुणाला काय समजणार?"

"सर, बदल ताईंच्या लॉगिनवरून झालाय," मंदार शांतपणे म्हणाला.

अहल्या त्याच्याकडे पाहत राहिली. "तूच सांगितलंस ना रे, सगळ्यांसमोर!"

"मी नावं छोटी करा म्हटलं होतं, ताई. बिनअर्थाची नव्हे."

काचेपलीकडे सगळे ऐकत होते. उठून आत कुणीच आलं नाही. दुपारपर्यंत तिचं टेबल रिकामं झालं.

त्या मुलीच्या घरचा पत्ता रोहननेच काढून दिला. रविवारी सकाळी अहल्या नानाखेड्याच्या त्या घरी गेली. एका तरुण बाईने दार उघडलं. तिच्या खांद्यावर मुलगी झोपली होती.

"जी, कहिए?"

अहल्याने रिक्षात घोकलेलं सगळं विसरून सरळ सांगितलं. टेस्ट काय होती, तिचं नाव काय होतं आणि ते आपल्याच हाताने कसं पुसलं. मंदारचं नाव तिने घेतलं नाही.

बाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आपको मालूम था कि ग़लत है?"

"हाँ," अहल्या म्हणाली.

बाईने खांद्यावरची मुलगी नीट सावरली, दोन पावलं मागे सरली आणि सवयीने, जराही आवाज होऊ न देता, दार लावून घेतलं.