तीन डोळ्यांचा, पण एकानेच पाहणारा

मित्रांनो, माझ्या पाठीवर तीन डोळे आहेत, पण मला दिसते ते एकानेच. उरलेले दोन शोभेचे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी एक स्वस्तातला जुना मोबाइल आहे आणि बढाया मारण्याचे माझे वय आता राहिलेले नाही.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्याशुभ्र दालनात झाला. तिथे तोंडाला मास्क लावलेल्या एका मुलीने मला काळ्यापांढऱ्या रेघांच्या फळीसमोर धरले. रेघा मला नीट दिसल्या, तशी तिने मान डोलावली आणि मला पुढे सरकवले. मग माझ्या खोक्यावर सोनेरी अक्षरांत छापले गेले की माझ्यासारखा कॅमेरा शोधून सापडणार नाही. वाचून मी हुरळून गेलो. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी जाहिरात असते हे मला तेव्हा कुठे ठाऊक होते!

औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलीने मला विकत घेतले. घरात तिला सगळे चिमणी म्हणत. मला तिने स्वतःसाठी घेतले नव्हते, आत्यासाठी घेतले होते.

ही आत्या म्हणजे गल्लीची फोटोबाई. तिचा छोटा स्टुडिओ होता. शाळेतल्या मुलांचे, नवराबायकोचे, नुकत्याच मान धरू लागलेल्या बाळांचे फोटो तीच काढायची. मग तिला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, बोलणे सावरले, पण उजवा हात काही उठेना. मोठा कॅमेरा एका हाताने पेलत नव्हता. स्टुडिओ बंद झाला, कॅमेऱ्याची बॅग कपाटावर गेली आणि फोटोबाई धाकट्या भावाकडे, म्हणजे चिमणीच्या बाबांकडे, राहायला आली.

चिमणीने मला तिच्या मांडीवर ठेवले. आत्याने मला उलटे केले, माझे डोळे पाहिले आणि म्हणाली, "हे काय गं? खेळणं आणलंस होय माझ्यासाठी?"

"आत्या, एका हातात मावतो म्हणून आणला. एकदा बघ तरी!"

"बघते ना. पण आधी याची परीक्षा घेणार. पास झाला तरच."

मित्रांनो, अशी परीक्षा तुमची कोणी घेऊ नये! तिने दोरीवर पांढरी चादर टाकली, शेजारी काळी छत्री टांगली, खाली लाल बादली ठेवली. तोच फोटो तिने सकाळी काढला, भर दुपारी काढला, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली काढला. खुर्चीत पेपर तोंडावर घेऊन घोरणाऱ्या भावाचाही काढला, त्याच्या पायाशी खेळणाऱ्या मांजराचाही काढला. मग चिमणीला सांगून सगळे फोटो कॉम्प्युटरवर घेतले आणि मोठे करकरून पाहिले.

"दुपारी चादरीच्या सुरकुत्या दिसतात, छत्रीच्या काड्याही दिसतात. शाब्बास. ट्यूबलाइटखाली चादर पिवळी. लांबचं झाड झूम केलं तर पानांचा नुसता लगदा. आणि मांजर जरा हललं की त्याचं भूत!"

"म्हणजे नापास?" चिमणीचा चेहरा उतरला.

"कोण म्हणतं? याला काय जमतं आणि काय जमत नाही, ते कळलं. आता माझं मला बघू दे."

त्या दिवशी मला प्रथमच वाटले, की खोक्यावरच्या कौतुकापेक्षा हे बोलणे बरे. तिने माझे दोष सांगितले, पण मला खाली ठेवले नाही.

पुढे खरी कसोटी आली. गल्लीच्या टोकाला सुतारदादांचे दुकान होते. त्यांच्या बायकोला सगळे सुतारकाकू म्हणत. फार पूर्वी स्टोव्हचा भडका उडून काकूंचा गाल मानेपर्यंत भाजला होता. तेव्हापासून कॅमेरा दिसला की त्या आत निघून जात. लेकीच्या लग्नातल्या फोटोंतही त्या नव्हत्या. आता लेक दूर परमुलखात होती. तिने फोनवर आईला सांगितले होते, "तू व्हिडिओवरही येत नाहीस. माझी मुलगी विचारते, आजी कशी दिसते? मी काय दाखवू तिला?"

काकू फोटोबाईकडे आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. "ताई, एक फोटो काढाल? एकच."

फोटोबाईने त्यांना खोलीत बसवले. घाबरलेल्या माणसाला थांबवून ठेवायला नको, म्हणून होता त्या उजेडात पटकन फोटो घेतला. पण माणसाचा चेहरा मला कसा जमतो, हे तिने अजून तपासलेच नव्हते. माझ्यात ब्यूटी मोड कारखान्यातूनच चालू होता. मला वाटले, मी काकूंवर उपकार करतोय. मी तो व्रण पुसून टाकला, गाल गुळगुळीत केला, वर थोडा गोरा रंगही चढवला.

काकूंनी फोटो पाहिला. मग हळूच म्हणाल्या, "छान आहे हो. पण ही कोण?"

मित्रांनो, मला पडदा असूनही तोंड लपवायला जागा नव्हती.

फोटोबाईने ओठ आवळले. "वहिनी, चूक माझी. याने चेहरा धुऊन टाकला, आणि मी बघितलं नाही. उद्या पुन्हा बसाल?"

"कशाला त्रास घेता? या हाताने तुम्हाला..."

"हाताचं मी बघते. तुम्ही या फक्त."

तिने चिमणीकडून ब्यूटी मोड कायमचा बंद करून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत पुन्हा फोटो घेतला आणि प्रिंटवाल्याकडे मोठा करायला पाठवला. प्रिंटवाला तिचा जुना दोस्त. त्याने निरोप धाडला, "फोटोबाई, चेहऱ्यावर मुंग्या बसवल्यात का?" कमी उजेडात माझा डोळा असाच ठिपके उठवतो. शिवाय डाव्या हाताने बटण दाबताना मी हललो होतो, त्यामुळे काकूंच्या पापण्या पुसट झाल्या होत्या.

भाऊ म्हणाला, "ताई, जाऊ दे ना. दुसऱ्या कुणाकडून काढून घेतील त्या."

"त्या दुसऱ्या कुणाकडे जाणार नाहीत, आणि मीही सोडणार नाही," ती म्हणाली. विषय तिथेच संपला.

मग ती जिद्दीला पेटली. सुतारदादांनी मला बसवायला लाकडी घोडी करून दिली. इअरफोनच्या वायरवरचे बटण दाबले तरी फोटो निघतो हे चिमणीने दाखवले, म्हणजे मला हात लावायचीच गरज उरली नाही. फोटोबाई सकाळभर सुतारदादांच्या दुकानात बसून ऊन कुठून कुठे सरकते ते पाहत राहिली. शेवटी तिने दाराच्या आतली जागा निवडली. तिथे ऊन थेट येत नव्हते, पण समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून मऊ उजेड आत येत होता. ती जागा जणू माझ्यासाठीच होती.

काकू स्टुलावर बसल्या. त्यांनी सवयीने भाजलेली बाजू वळवली. माझ्याकडे न पाहता फोटोबाईने फक्त विचारले, "नात बोलते का आता?"

"बोलते म्हणजे? पोपट आहे पोपट! परवा मला म्हणते, आजी, तू फोनमध्ये राहतेस का गं?" सांगता सांगता काकूंना हसू फुटले आणि त्या पूर्ण वळल्या.

फोटोबाईच्या डाव्या मुठीत बटण दाबले गेले.

मी जे होते ते घेतले. व्रण घेतला, पांढरे केस घेतले, डोळ्यांतले हसू घेतले. एका रेषेचीही भर घातली नाही, एकही रेष वगळली नाही. मोठा प्रिंट आला तेव्हा काकूंनी तो आधी लांबून पाहिला, मग जवळून पाहिला आणि म्हणाल्या, "हो. ही मीच."

फोटो लेकीला गेला. तिकडून फोन आला तो थेट नातीचा. तिने एकच प्रश्न विचारला, "आजी, दुखतं का गं?" काकूंनी पहिल्यांदा व्हिडिओ लावला आणि गाल पुढे करून म्हणाल्या, "नाही बाळा, आता नाही दुखत."

त्यानंतर फोटोबाईकडे माणसे येऊ लागली. भावाची पुढची खोली स्टुडिओ झाली. माझे कौतुक झाले, तसे हालही झाले. कधी मी किल्ल्यांबरोबर एकाच खिशात पडलो आणि माझ्या चांगल्या डोळ्यावर ओरखडा उठला. कधी तेलकट बोट लागले आणि लोक म्हणाले, कॅमेरा बिघडला. पुढे बॅटरी थकली. फोटोबाईने नवा मोबाइल घेतला आणि त्यालाही चादर, छत्री, बादलीसमोर उभे केले. मी कपाटात पडून ऐकत होतो. त्याला बोलणी बसत होती, आणि खोटे कशाला सांगू, मला जरा बरे वाटत होते.

मित्रांनो, आम्ही वस्तू स्वस्त असू, पण फुकट नसतो. आम्हाला काय येते ते आधी नीट पारखून घ्या. येत नाही त्याबद्दल बोल लावण्याआधी थोडा उजेड द्या, काच पुसा, हात स्थिर धरा. आणि कृपा करून आम्हाला कुणाचा चेहरा पुसायला लावू नका.

मला वाटले होते, कपाट हेच माझे शेवटचे घर. पण गेल्या महिन्यात सुतारकाकू आल्या आणि जरा लाजत म्हणाल्या, "ताई, मला शिकवाल का फोटो काढायला?" फोटोबाईने कपाट उघडले, माझी बॅटरी बदलून घेतली आणि मला त्यांच्या हातात दिले. "याच्यावर शिका. हा खोटं बोलायचं विसरलाय."

आता मी काकूंकडे असतो. आज समोर एक मुलगी बसली आहे. पुढे आलेले दात झाकायला तिने तोंडावर हात धरला आहे. काकू तिला घाई करत नाहीत. त्यांनी सुती कापडाने माझी काच पुसली आहे, खिडकी पूर्ण उघडली आहे, आणि त्या वाट पाहत आहेत.