ट्रेबलचा रकाना

मास्तरांच्या अँपमध्ये नव्याण्णव कप्पे होते आणि नव्याण्णवच्या नव्याण्णव भरलेले होते. ऐकायला मोठं श्रीमंतीचं वाटतं, पण प्रत्यक्षात तो नुसता पसारा होता. गिटारचा आवाज मोठा करणारा हा डिजिटल डबा. नॉब फिरवून मनासारखा आवाज जमला की तो एका कप्प्यात सेव्ह करायचा, त्याला छोटंसं नाव द्यायचं, आणि ते गाणं आलं की पायाखालच्या पट्टीवरचं बटण दाबून परत बोलवायचा. काम सोपं. पण मास्तरांनी बारा वर्षांत एकही आवाज पुसलेला नव्हता. 'घंटा' नावाचे तीन होते, 'घंटा नवी' दोन, आणि एकोणसत्तर नंबरला 'घंटा खरी'. गाणं सुरू व्हायच्या आधी मास्तर चष्मा कपाळावर सरकवून पट्टीवर वाकायचे, पाय इकडून तिकडे नाचवायचे, आणि गायिका बिचारी जेवणाऱ्या मंडळींकडे बघून हसत उभी राहायची.

हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये संध्याकाळी सात ते नऊ त्यांचा बँड वाजायचा. मास्तर गिटारवर, आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला साउंड मिक्सरवर त्यांचा बावीस वर्षांपासूनचा दोस्त, ज्याला सगळे फ्यूज म्हणत. काहीही बिघडलं की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, 'आधी फ्यूज बघा.' सगळ्यांचा आवाज फ्यूजच्या हाताखालून जायचा आणि मगच हॉलमध्ये पोचायचा.

आता हॉटेलने मिक्सर काढायचं ठरवलं होतं. भिंतीत एक पेटी बसवली होती, तीच म्हणे सगळ्यांचा आवाज आपोआप सांभाळणार. फ्यूज महिनाअखेरीला मोकळा होणार होता. मॅनेजरने बँडला उभ्या उभ्या सांगितलं, "पेटीवर पहिल्या आठवड्यात तक्रार आली नाही तर तुम्ही आहात. आली, तर मी रेकॉर्ड लावीन."

मास्तर अठ्ठावन्न वर्षांचे. दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही यावं असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं. दिवसाचे बावीस तास ते सात वाजायची वाट बघत काढत. बायको म्हणायची, "यांना भूकसुद्धा सातलाच लागते." वाजवणं गेलं तर माणूस घरात कुठल्या खुर्चीत बसवायचा, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

जायच्या आदल्या आठवड्यात फ्यूज म्हणाला, "मास्तर, तुझा तो उकिरडा मी नीट लावून देतो. संध्याकाळी जी गाणी ज्या क्रमाने वाजतात त्या क्रमाने आवाज. चार-चारचे गट. पाय पुढे सरकवत गेलास की झालं, वाकायला नको. दोन दिवस अँप माझ्याकडे ठेव."

"एकही पुसायचा नाही."

"नाही पुसत रे बाबा. तुझी जुनी बायको असल्यासारखा जपतोस एकेक!"

"बायको पुसली तर परत सेव्ह करता येईल का?" मास्तर म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर पोटभर हसले.

दोन दिवसांनी, हॉल बंद असतो त्या सोमवारी, स्वयंपाकघरामागच्या तालमीच्या खोलीत अँप परत आला. मास्तरांनी पट्टीवर पाय ठेवला. एक, दोन, तीन, चार. नावं ओळीने, क्रम चोख. गाणं तोंडात यायच्या आधी आवाज पायाखाली. मास्तरांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग त्यांनी 'घंटा खरी' लावली आणि तार छेडली.

हसू तिथंच मावळलं.

"अरे, हे काय? याच्यावर गोधडी टाकलीय का कुणी?"

"काय झालं?" फ्यूज हातातली वायर गुंडाळत होता. वायर आधीच गुंडाळलेली होती.

"मेलाय आवाज. स्पीकर गेला." मास्तरांनी आणखी चार कप्पे फिरवून पाहिले. सगळे तसेच, तोंडात बोळा कोंबून बोलल्यासारखे. मग त्यांनी वाकून स्क्रीन पाहिला. ट्रेबल, म्हणजे आवाजाची धार, 'घंटा खरी'ला त्यांनी नऊवर ठेवली होती. स्क्रीनवर चार होते. पुढच्या कप्प्यात चार. त्याच्या पुढच्यात साडेचार.

"तू हात लावलास."

"अपडेट टाकलं होतं, त्यात झालं असेल काहीतरी."

"अपडेटला बरोबर ट्रेबलच सापडला होय? माझी बारा वर्षांची मेहनत चुलीत घातलीस! जाता जाता वाट लावून चाललायस माझी!"

मास्तर तापट होते, पण इतके कुणी पाहिले नव्हते. फ्यूज उलट बोलला नाही, एवढंच खरं तर मास्तरांच्या लक्षात यायला हवं होतं. बावीस वर्षांत फ्यूज कधी ऐकून घेणाऱ्यातला नव्हता. पण डोक्यात राख घातलेल्या माणसाला समोरचं काय दिसणार? त्यांनी अँप उचलला, रिक्षात घातला आणि घर गाठलं.

घरी त्यांची वही होती. हे त्यांचं खास काम. अँप जळला, चोरीला गेला, कुणी मूर्खाने हात लावला, तर? म्हणून प्रत्येक आवाज वहीत. एका ओळीत एक आवाज: नंबर, नाव, तारीख, पाच नॉबचे पाच आकडे आणि शेवटी शेरा. 'जमलं.' 'छान.' 'अजून धार हवी.' 'डबा बोथट होत चाललाय, बघणे.' बारा वर्षांत वहीत त्यांनी आडवं लिहिलं होतं आणि आडवंच वाचलं होतं. कुठला आवाज हवा, ती ओळ काढायची, आकडे बघायचे, वही मिटायची.

"अगं, इकडे ये जरा," त्यांनी बायकोला हाक मारली. "त्या फ्यूजने सगळ्यांचा ट्रेबल पाडलाय. बाकी आकडे जागच्या जागी आहेत. तू वहीतून फक्त ट्रेबलचा आकडा सांग, मी नॉब फिरवून सेव्ह करत जातो. पहिल्या पानापासून."

ती ओले हात पदराला पुसत आली. वही घेतली आणि उभीच राहिली.

"आत्ताच करायला हवं का? जेवून घ्या आधी."

"वाच."

ती टेबलापाशी बसली. बोट ट्रेबलच्या रकान्यावर ठेवलं आणि खाली खाली सरकवत वाचू लागली.

"चार."

मास्तरांनी कप्पा शोधला. तिथं चारच होते. "हा सोडलाय वाटतं. पुढे."

"चार. साडेचार. चार."

"हेही तसेच आहेत. पुढे."

"पाच. पाच. साडेपाच." तिचा आवाज हळू झाला.

"मोठ्याने बोल गं."

"पाच. सहा. सहा. साडेसहा. सात." पान उलटलं. "सात. आठ. साडेसात. आठ."

नॉबवरचा मास्तरांचा हात थांबला होता. ती वाचतच राहिली, कारण थांबली असती तर बोलावं लागलं असतं.

"आठ. साडेआठ. नऊ. नऊ. साडेनऊ. दहा. दहा. दहा."

"पुढे?"

"पुढे काय? दहाच्या पुढे नॉब जात नाही."

रस्त्यावरून एक गाडी गेली. मास्तरांनी वही ओढून घेतली आणि पहिल्यांदा ती उभी वाचली. तारखा आणि आकडे. आकडा एखादं वर्ष थांबत होता, एकदा अर्ध्याने मागेही आला होता, पण चढत होता. शेवटच्या रकान्यातले शेरेही त्यांनी वाचले. धार हवी. अजून धार. डबा बोथट. डबा बिचारा बारा वर्षं होता तसाच होता.

कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण हे अक्षर त्यांचंच होतं.

"तुला ठाऊक होतं," ते म्हणाले.

बायको ताटं घ्यायला उठली.

"दोन वर्षं झाली, तू हॉलमध्ये येत नाहीस. गुडघा दुखतो म्हणतेस."

"गुडघा नव्हता दुखत," ती म्हणाली. "फ्यूजभाऊजी त्यांच्या बाजूने सांभाळायचे हो. पण मी बसायची पुढे, तुमच्या अँपच्या तोंडाशी. कान दुखायचे. डोळ्यांत पाणी यायचं, आणि तुम्हाला वाटायचं मी गाण्यानं रडतेय. किती खूश व्हायचात! कसं सांगणार होते?"

मास्तरांना रडू आलं नाही, लाज वाटली. अंगभर लाज, भर रस्त्यात सदरा फाटल्यासारखी. खिडकीबाहेरच्या तारेवर पक्षी बसतात आणि हल्ली बोलत नाहीत, असं ते गेली काही वर्षं सगळ्यांना सांगत होते. शहराची हवा बिघडली म्हणे! सगळे माना डोलवायचे. म्हणजे गावाला ठाऊक होतं, फक्त यांनाच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते फ्यूजकडे गेले. त्याच्या खोलीत खोकी बांधून ठेवली होती. तो मुलीकडे राहायला चालला होता. फ्यूजने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि खोक्यावरची धूळ झटकून म्हणाला, "बस."

"किती वर्षं?"

"सहा. हॉलमध्ये आलो की पहिलं काम तेच. तुझ्या चॅनलचा ट्रेबल खाली, मग बाकीचे."

"आणि सांगितलं नाहीस."

"सांगणार होतो. दर वर्षी सांगणार होतो." फ्यूजने एका खोक्याची दोरी आवळली. "सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी गिटार खाली ठेवली असतीस. मला तू काय आज भेटलास? ती पेटी कुणाचा ट्रेबल खाली-वर करणार नाही, मास्तर. तू नऊ-दहा लावलंस की पहिल्याच संध्याकाळी लोक ताटावरून उठतील. म्हणून म्हटलं, आत शिरून बदलून ठेवावं. तुला कळणार नाही असं वाटलं."

"मला कळणार नाही? मला?"

"गाढवपणा झाला," फ्यूज म्हणाला. "तुझा कान गेलाय, डोकं नाही, हे विसरलो."

मास्तर हसले नाहीत. कानाच्या डॉक्टरकडेही ते जाऊन आले त्याच आठवड्यात, फ्यूजच्या सोबतीने. डॉक्टरने कागदावर एक रेघ दाखवली, डावीकडून नीट येऊन उजवीकडे कोसळलेली. यंत्र लावा, म्हणाला, बोलणं समजेल. वरचे सूर मात्र गेले ते गेले.

म्हणजे 'घंटा खरी' त्यांना परत ऐकू येणार नव्हती. दहावर लावली तरी नाही, कारण नऊवर जी ऐकू यायची ती घंटा नव्हतीच. ती अँपच्या तोंडाशी पत्रा खरवडल्यासारखी वाजत होती आणि त्यांना एकट्याला मंजुळ लागत होती. हे कळल्यावर दोन दिवस मास्तरांनी घरात गिटारला हात लावला नाही. बायको जेवायला वाढायची आणि समोर बसून राहायची.

फ्यूज गेला. पेटीची पहिली संध्याकाळ आली. साडेसहाला मास्तर हॉलमध्ये पोचले. अँप लावला. मागच्या टोकाला जिथं फ्यूजचं टेबल असायचं तिथं आता पाण्याचे ग्लास मांडून ठेवले होते. मॅनेजर दाराशी हाताची घडी घालून उभा होता. आणि तिसऱ्या टेबलावर, अगदी अँपच्या तोंडाशी, बायको येऊन बसली होती. सांगितलंही नव्हतं तिने.

मास्तरांच्या हातात अजून पाच मिनिटं होती. नॉब तिथंच होता. नऊवर न्यायला दोन बोटं पुरली असती, आणि निदान स्वतःला तरी स्वतःचं वाजवणं ऐकू आलं असतं. बोटं नॉबपर्यंत गेली. मग त्यांनी हात मागे घेतला आणि पट्टीवरचं पहिलं बटण पायाने दाबलं.

दोन तास त्यांनी भिंतीपलीकडून ऐकल्यासारखं वाजवलं. कान काही सांगत नव्हते. बोटं तीस वर्षांच्या सवयीने आपापल्या जागी जात होती, तेवढाच आधार. 'घंटा खरी'चं गाणं आलं तेव्हा त्यांनी तारांकडे पाहिलंच नाही, ते बायकोच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. कपाळाला आठी पडते का? हात कानाकडे जातो का? ती दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होती. गाणं संपलं तेव्हा तिचे डोळे भरलेले होते, आणि हे पाणी कसलं, हे विचारायचं त्यांना धाडस झालं नाही.

दारातून मॅनेजर काहीतरी बोलला आणि मान डोलवून निघून गेला. "चालू ठेवा म्हणाला," ड्रमवाल्याने त्यांच्या कानाशी येऊन सांगितलं.

सकाळी चहाच्या आधी मास्तर वही घेऊन बसले. नवीन पान उघडलं. फ्यूजने लावलेल्या क्रमाने एकेक आवाज उतरवून काढला: नंबर, नाव, तारीख, पाच आकडे. ट्रेबलच्या रकान्यात चार, चार, साडेचार, चार. शेऱ्याची जागा सगळीकडे कोरी ठेवली.

खिडकीबाहेर तारेवर दोन पक्षी बसले होते. त्यांच्या चोची उघडत-मिटत होत्या. मास्तरांनी थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग 'घंटा खरी'च्या ओळीवर परत आले आणि शेवटच्या रकान्यात सावकाश लिहिलं, 'मला ऐकू येत नाही. बरोबर आहे.'